हिमनदीवरचे नऊ किलो

“मला फसवणारा काटा अजून कारखान्यातून बाहेर पडायचाय!”

हे वाक्य साहेब आठवड्यातून निदान दोनदा म्हणत. आणि ते खरंही होतं. साहेब वजनमापे निरीक्षक होते. बावीस वर्षं नोकरी झाली होती. त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं की दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळायचं. कुणी पारड्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं असो, कुणी वजनाच्या बुडातलं शिसं काढलेलं असो, साहेब दारातूनच ओळखत. पन्नास ग्रॅमसाठी त्यांनी चालती दुकानं बंद पाडली होती. एकदा तर सख्ख्या चुलतभावाचा काटा जप्त केला आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायलाही गेले. त्या दिवशी पानात जरा कमीच पडलं म्हणतात, पण ते मोजायला काटाच शिल्लक नव्हता!

आता असा माणूस स्वतःच्या घरच्या काट्यात फेरफार करील का?

केला होता! चांगला नऊ किलोंचा!

त्याचं असं झालं. साहेबांची बायको घराच्या पुढच्या लांब खोलीत बायकांचा व्यायामाचा वर्ग चालवायची. वर्गातल्या सगळ्या तिला बाई म्हणत, म्हणून गल्लीही बाई म्हणे, आणि रागात असली की साहेबही बाईच म्हणत. तर या बाईंची एक जुनी हौस होती. हेलिकॉप्टरनं वर जायचं, हिमनदीवर उतरायचं आणि गाइडबरोबर त्या बर्फावरून तास-दोन तास चालायचं. एका जुन्या कॅलेंडरवरचं हिमनदीचं चित्र त्यांनी ओट्याच्या वर चिकटवलं होतं आणि कांदा चिरतानासुद्धा त्या त्याच्याकडे बघायच्या. साहेबांनी शेवटी “जाऊ या” म्हटलं. तेव्हा बाईंनी अट घातली.

“आधी वजन ऐंशीच्या खाली आणा. दोन जिने चढलात की तुमचा श्वास शेजारणीला ऐकू जातो. बर्फावर बसकण मारलीत तर उचलणार कोण? आणि लोक काय म्हणतील? बाई सगळ्या गल्लीला बारीक करतात आणि घरात हे!”

साहेब तेव्हा अठ्ठ्याऐंशी किलो होते. त्यांनी आठ दिवस मनापासून प्रयत्न केला. उकडलेलं खाल्लं, साखर सोडली, ऑफिसात लिफ्टकडे पाठ फिरवली. नवव्या दिवशी काट्यावर उभे राहिले. अठ्ठ्याऐंशी! त्या दुपारी बाई बाजारात गेल्या. साहेबांनी काटा उलटा केला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि स्प्रिंगखाली स्क्रूवर सरकणारी एक बारीकशी अडकण बसवली. रिकामा काटा शून्यावरच दिसायचा, पण माणूस वर चढला की पहिले काही किलो सुईला कळायचेच नाहीत. मग दर दोन-तीन दिवसांनी ते स्क्रू थोडा थोडा फिरवत राहिले. महिनाभरात साहेब एकोणऐंशीवर आले आणि बाईंनी खूश होऊन शेवयांची खीर केली. साहेबांनी तीन वाट्या खाल्ल्या.

इथवर ठीक होतं. पण वर्गातल्या बायका वजन कुठे करायच्या? त्याच काट्यावर! साहेबांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं तेव्हा वर्गातल्या अकराच्या अकरा बायका नऊ-नऊ किलोंनी उतरल्या होत्या!

बाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. “एकसारखा व्यायाम, एकसारखा परिणाम!” त्या म्हणाल्या आणि दारावर पाटी लागली, ‘एका महिन्यात नऊ किलो!’ अकराच्या चाळीस झाल्या. कुणी दबक्या आवाजात म्हणाली की आमच्या घरचा काटा जास्त दाखवतो, तर बाई तिथल्या तिथे निकाल लावायच्या. “तो भंगारात द्या! माझ्या घरात निरीक्षक राहतो!” यावर बोलायची कुणाची छाती होती?

आज सांगू, उद्या सांगू करत साहेबांनी वर्ष काढलं. बाई नव्या उत्साहानं वागत होत्या, चालताना गुणगुणत होत्या, आणि रोज सकाळी त्या काट्यावरून अठ्ठावन्न किलोंच्या आनंदात उतरत होत्या. हा आनंद कोणत्या तोंडानं काढून घ्यायचा? साहेबांनी काटा दुरुस्त केला नाही आणि तोंडही उघडलं नाही.

प्रवासाचं ठरलं तेव्हा बरोबर साहेबांची मेहुणी आणि साडू निघाले. साडू म्हणजे पहाटे उठून दहा किलोमीटर धावणारा आणि दिवसभर त्याबद्दल बोलणारा माणूस. हेलिकॉप्टर कंपनीच्या फॉर्मवर प्रत्येकाचं वजन लिहायचं होतं. चौघंही साहेबांच्या घरी जमले आणि ओळीनं काट्यावर चढले. साहेब एकोणऐंशी, बाई अठ्ठावन्न, साडू पासष्ट, मेहुणी चोपन्न.

“पासष्ट!” साडू छाती काढून म्हणाला. “शेवटचा पासष्ट होतो तो लग्नात. धावण्याची कृपा!”

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले.

कंपनीचं ऑफिस म्हणजे मोकळ्या मैदानाच्या कडेला एक लांब पत्र्याची शेड होती. आत ओल्या बुटांचा वास, भिंतीवर ओळीनं टांगलेली लाल जाकिटं, कोपऱ्यात हवामानाचा फळा. फळ्यावर लिहिलं होतं, ‘दुपारनंतर ढग.’ बाहेर हेलिकॉप्टर उभं होतं आणि बाईंचा पाय एका जागी ठरत नव्हता.

“किती वाजता सुटायचं? आता का? पायलट आले का? हे बूट आत्ताच घालू का?”

“वजन झालं की लगेच,” मॅनेजर म्हणाला.

साहेब घाईनं पुढे झाले. “वजन? फॉर्मवर लिहिलंय की!”

“फॉर्मवर सगळेच बारीक असतात हो,” मॅनेजर हसून म्हणाला. “या, इथे उभे राहा एकेक करून.”

दाराशी एक सपाट काटा होता आणि वर भिंतीवर हातभर मोठे लाल आकडे. सगळ्या शेडला दिसतील असे! आधी मेहुणी चढली. त्रेसष्ट. तिनं घड्याळ काढलं, रुमाल काढला, बांगड्या काढल्या. बांगड्या उतरवल्यावर आकडा शंभर ग्रॅमनं हलला. मग साडू चढला.

चौऱ्याहत्तर!

“शक्यच नाही!” साडू ओरडला. तो उतरला, पुन्हा चढला, श्वास सोडून उभा राहिला, एका पायावर उभा राहिला. चौऱ्याहत्तर! “अहो, मी रोज दहा किलोमीटर धावतो! हा काटा आहे की काय आहे?”

बाई सदुसष्ट भरल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. शेवटी साहेब चढले आणि भिंतीवर अठ्ठ्याऐंशी उमटलं, वर्षभरापूर्वी होतं तेच, एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला. “अहो! चौघांचेही नऊ! बरोब्बर नऊ! एकाचे असते तर म्हटलं असतं, प्रवासात खाणं झालं. चौघांचे नऊ म्हणजे काटाच खोटा!”

“उघड आहे!” साडू म्हणाला.

“मॅनेजर, तुम्हाला माहीत नाही हे कोण आहेत ते,” बाई म्हणाल्या आणि साहेबांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकललं. “वजनमापे निरीक्षक आहेत! बावीस वर्षं! सांगा हो तुम्ही त्यांना!”

शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मॅनेजर खुर्चीतून उठून उभाच राहिला. साहेबांना काहीतरी करणं भाग होतं. ते गुडघ्यावर बसले. त्यांनी काटा चारी कोपऱ्यांत दाबून पाहिला, पातळीचा बुडबुडा पाहिला, सील पाहिलं. सील शाबूत, तपासणी तीन आठवड्यांपूर्वीची, पाय घट्ट, शून्य स्वच्छ. इतका गुणी काटा त्यांनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. इतर कुठे भेटला असता तर त्यांनी त्याच्या मालकाशी हात मिळवला असता.

“काय म्हणता?” बाईंनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत नवऱ्याचा इतका अभिमान होता की साहेबांना तिकडे बघवेना.

“जरा... जास्त दाखवतोय,” साहेब काट्याकडे बघत म्हणाले.

“मी म्हटलं नव्हतं!” बाई म्हणाल्या.

मॅनेजर बिचारा गोरामोरा झाला. “साहेब, मग मी काय करू? तुमची वजनं कुठली धरू? फॉर्मवरची?”

“नको!” साहेब एवढ्या मोठ्यानं ओरडले की पायलट आत डोकावला. “म्हणजे... काट्यावरचीच धरा. हेलिकॉप्टर आहे. जास्त धरलेलं बरं.”

“काय हो विचार तुमचा!” मॅनेजर भारावून म्हणाला. पण मग छत्तीस किलो वाढले, म्हणून चौघांच्या पिशव्या खाली ठेवाव्या लागल्या. मेहुणीचा खाऊचा डबा राहिला, साडूचा कॅमेरा राहिला आणि साडूनं काट्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं जमीन बळकावली होती. बाहेर पंखा फिरू लागला. पायलट हातानं “चला, चला” करत होता. तेवढ्यात मॅनेजर कागद-पेन घेऊन धावत आला.

“साहेब, तेवढं दोन ओळी लिहून द्या. काटा किती जास्त दाखवतो ते. मालकांना दाखवायला बरं.”

“परत आल्यावर लिहितो की!”

“अहो, लिहा ना पटकन!” बाई म्हणाल्या. “ढग येतायत!”

साहेबांनी लिहिलं. ‘सदर काटा नऊ किलो जास्त दाखवतो.’ खाली सही, खाली हुद्दा. बावीस वर्षांतली पहिली खोटी चिठ्ठी, आणि तीही उभ्या उभ्या, एका पायात बूट घालून!

सगळ्यात जड म्हणून साहेबांना पुढे पायलटशेजारी बसवलं. मागे बाई, मेहुणी, साडू आणि गाइड. गाइड म्हणजे एक चटपटीत मुलगी, खांद्यावर वॉकीटॉकी, कमरेला दोर. हेलिकॉप्टर उचललं गेलं तशी बाईंनी किंकाळी फोडली. आनंदाची. खाली झाडं सरकली, काळे कडे सरकले आणि मग एकदम ती समोर आली. दोन डोंगरांच्या मधून उतरलेली, भेगाभेगांची, पांढरी आणि मधेच निळी. बाई मागून साहेबांचा खांदा धरून हलवत होत्या. “अहो बघा! बघा ना! चित्रात हे निळं नव्हतंच!”

साहेब बघत होते, पण त्यांना सगळीकडे लाल आकडे दिसत होते.

वर उतरल्यावर गाइडनं प्रत्येकाच्या बुटांखाली लोखंडी दातांची पट्टी बांधली, हातात काठी दिली आणि चौघांना एका दोरात ओवलं. पुढे ती स्वतः, मग बाई, मग साहेब, मग मेहुणी, शेवटी साडू.

“दोर सैल सोडायचा नाही, ताणायचाही नाही,” ती म्हणाली. “पाय आपटून टाका. मी थांबले की सगळ्यांनी थांबायचं. हेलिकॉप्टर खाली जाऊन दुसरी तुकडी आणेल, मग तुम्हाला नेईल.”

चालणं सुरू झालं. बर्फ दातांखाली करकरत होता. कुठे बर्फात पाण्याचे छोटे ओहोळ वाहत होते, कुठे खोल भेगेतून गार हवा वर येत होती. बाई लहान मुलीसारख्या प्रत्येक भेगेशी थांबत. “किती खोल आहे? खाली काय आहे? ऐकू येतंय का पाणी?” मागून साडू आपल्या वजनाचा हिशेब मांडत होता. “काल रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या असं धरलं, तरी नऊ किलो कसे होतील?” मेहुणीला भूक लागली होती. साहेबांना मात्र एकच विचार टोचत होता. ती चिठ्ठी. खाली गेल्या गेल्या मागून घ्यायची. फाडायची. गिळायची वेळ आली तर गिळायची!

एका निळ्या खळग्याशी गाइड थांबली. खळगा इतका निळा होता की बाई बोलायच्याच थांबल्या. आणि नेमकी तेव्हाच गाइडच्या खांद्यावर खरखर झाली.

“दुसरी तुकडी निघतेय,” मॅनेजरचा आवाज आला. “कालचा रस्सीखेचवाल्यांचा चमू.”

“ते चौघे?” गाइडनं विचारलं. “काल तीस किलोंनी जास्त भरले म्हणून परत पाठवले होते ना?”

“आज बसले! साहेबांच्या चिठ्ठीप्रमाणे काटा नऊ किलोंनी खाली आणला. चौघांचे छत्तीस उतरले! उलट सहा किलो शिल्लक राहिले, म्हणून त्यांचा दोरखंडही घेतला बरोबर!”

 साहेब बर्फावर उभे होते, तरी कानशिलांवरून घाम वाहू लागला. तीस किलो जास्त, वर दोरखंड, आणि ते सगळं त्यांच्या सहीवर उडणार!

“थांबवा त्यांना,” ते म्हणाले.

“का हो?” गाइडनं विचारलं.

“ढग... ढग येतायत.”

“दुपारनंतर.”

“मग... माझी तब्येत! मला बरं वाटत नाही. मला खाली न्या! हेलिकॉप्टर रिकामं बोलवा!”

गाइड लगेच वॉकीटॉकीत म्हणाली, “वर एकांना बरं नाही. लवकर या.”

“पायलटला सांगतो,” मॅनेजर म्हणाला. “या चौघांना घेऊन लगेच निघेल, त्यांना वर सोडलं की तुमच्या माणसाला घेईल. पंखा सुरू झालाच!”

झालं! चांगलं सावरायला गेले आणि हेलिकॉप्टर पाच मिनिटं आधीच निघू लागलं! साहेबांनी पुढे झेप घेतली. मध्ये बाई होत्या, बाईंचा दोर होता, मागे मेहुणी ओढली गेली, तिच्यामागे साडू बसकण मारून घसरत आला, आणि त्या सगळ्या गुंत्यातून साहेबांनी वॉकीटॉकी पकडली.

“थांबवा! पंखा बंद करा! तुमचा काटा बरोबर आहे!”

“कोण बोलतंय?”

“मी! निरीक्षक! काटा बरोबर आहे!”

“पण साहेब, तुमची चिठ्ठी आहे!”

“चिठ्ठी खोटी आहे!”

क्षणभर खरखर झाली. मग मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, “गाइड, साहेबांना उंची बाधली बहुतेक. पाणी पाज त्यांना.”

“अहो, बसा बरं खाली,” बाई घाबरून म्हणाल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. “विरळ हवेनं होतं असं. मी वाचलंय. काहीही बोलतात माणसं!”

“मी काहीही बोलत नाहीये!”

“हेच म्हणतात सगळे,” गाइड समजुतीनं म्हणाली आणि बाटली पुढे केली. “घ्या, एक घोट.”

कुणी विश्वासच ठेवेना! बावीस वर्षं साहेब खरं बोलले होते, आणि एकदा खोटं बोलून ते कबूल करायला गेले तर हवा विरळ निघाली! वॉकीटॉकीतून पंख्याची घरघर वाढत चालली होती. साहेबांनी बाटली बाजूला सारली, डोळे मिटले आणि एका दमात सगळं ओकून टाकलं.

“ऐका! खोटा काटा आमच्या घरचा आहे! स्प्रिंगखाली अडकण आहे, पितळी, नखाएवढी, स्क्रूवर सरकणारी. ती मी बसवली! माझ्या हातानं! पहिले नऊ किलो सुईला कळत नाहीत, म्हणून आम्हा चौघांचे नऊ! तुमच्या काट्याचं सील शाबूत आहे, तीन आठवड्यांपूर्वीचं, नंबर सात चार शून्य एक! बघा जाऊन! त्या माणसांना उडवू नका!”

 वॉकीटॉकीत पावलं वाजली, कुणीतरी वाकून पाहिल्यासारखं वाटलं. “सात चार शून्य एक,” मॅनेजर पुटपुटला. मग तो ओरडला, “बंद कर! पंखा बंद कर!” घरघर हळूहळू मंदावली आणि एक जाडजूड आवाज ऐकू आला. “म्हणजे आम्ही आजही जास्तच?”

साहेबांनी वॉकीटॉकी परत दिली आणि मान खाली घातली.

“मी चौऱ्याहत्तर?” मागून साडू म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “वर्षभर धावून चौऱ्याहत्तर? ऑफिसात पार्टी दिली मी पासष्टची!”

“भाऊजी, मी त्रेसष्ट?” मेहुणी म्हणाली. “मी सगळे जुने कपडे वाटून टाकले हो!”

  साहेबांनी मान वर केली. बाई निळ्या खळग्याकडे बघत उभ्या होत्या, पण बघत नव्हत्या.

“वर्गातल्या बायका,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्यांचे नऊ किलो?”

“तेही... काट्याचेच.”

“सगळ्यांचे?”

“सगळ्यांचे.”

“मला वाटलं मी केलं काहीतरी,” बाई म्हणाल्या. एवढंच. आवाजही चढवला नाही. साहेबांना वाटलं त्यापेक्षा हिनं काठी फेकून मारली असती तर बरं झालं असतं. आपण एका वजनासाठी हिच्या वर्षभराच्या मेहनतीची माती केली, हे त्यांना त्या बर्फावर उभं राहून पहिल्यांदा धड कळलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“अगं, व्यायाम खरा होता,” ते म्हणाले. “बायकांच्या पाठी दुखायच्या थांबल्या. ती समोरची आता खाली बसते, उठते. ते काही स्क्रूनं नाही झालं.”

“माझ्याशी बोलू नका!”

असं म्हणून बाई रागानं तरातरा निघाल्या. पण दोर होता ना! बाई निघाल्या म्हणजे साहेब निघाले, साहेब ओढले गेले म्हणजे मेहुणी, मेहुणीमागे साडू! सगळी माळ बर्फावरून फरफटत निघाली. “बाई, हळू! भेग आहे!” गाइड पुढून ओरडत होती. बाई डावीकडे वळल्या की चौघं डावीकडे, बाई दमून थांबल्या की चौघं एकमेकांवर आदळून थांबले. नवऱ्याशी अबोला धरायचा आणि त्याला सहा फुटांवर दोरीनं बांधून घ्यायचं, हे दुःख कुणाच्याही वाट्याला येऊ नये. दहा मिनिटं तो अबोला हिमनदीवर असा गोल गोल फिरला.

मग बाई थांबल्या. काठी बर्फात रोवली. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती रागाची नव्हती, विचाराची होती. साहेबांना ही आठी ओळखीची होती आणि ते आणखी घाबरले.

“घरी गेल्यावर काटा सरळ करतो,” ते घाईनं म्हणाले. “पहिलं काम तेच!”

“खबरदार हात लावलात तर! एका दिवसात चाळीस बायकांचे नऊ-नऊ किलो परत आले तर दारात काय होईल? तो रस्सीखेचीचा चमू तरी पुरेल का आवरायला?”

“अगं, पण नियमानं...”

“नियम आत्ता आठवला?” बाई म्हणाल्या. “ऐका नीट. पाटी मी पहिल्याच दिवशी उतरवते. रंग उडाला म्हणून सांगते. आणि तुम्ही दर महिन्याच्या एक तारखेला तो स्क्रू अर्धा किलो मागे घ्यायचा. फक्त अर्धा. मी महिन्याला अर्ध्या किलोचा जादा व्यायाम लावते. जेवढा काटा खरा होईल तेवढ्या बायका खऱ्या उतरतील. कुणाला कळणार नाही आणि कुणाला फसवल्यासारखंही होणार नाही.”

साहेबांनी हिशेब केला. “म्हणजे अठरा महिने!”

“अठरा. आणि त्या अठराही महिन्यांत तुम्ही वर्गात यायचं. पहिल्या रांगेत!”

“बायकांच्या?”

“मग काय तुमच्यासाठी वेगळी रांग लावू?”

साडू मागून खो खो हसला. बाईंनी मान वळवून फक्त “चौऱ्याहत्तर” म्हटलं. तो वाकून बुटाची पट्टी आवळू लागला.

खाली उतरल्यावर साहेबांनी सगळ्या शेडसमोर गुडघ्यावर बसून काटा पुन्हा नऊ किलो वर नेला, स्वतःच्या हातानं आपली चिठ्ठी फाडली आणि मॅनेजरची दोनदा माफी मागितली. रस्सीखेचवाले दोन फेऱ्यांत वर गेले. जाताना त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्यानं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि “उपकार झाले” म्हटलं. साहेब त्या हाताखाली जवळजवळ खाली बसले.

आता या गोष्टीला अकरा महिने झाले. पाटी गेली, पण वर्ग भरलेलाच आहे, कारण बायकांना आता घाम येतो तो खरोखरीचा. रोज सकाळी पहिल्या रांगेत दोन गुलाबी आणि एका जांभळ्या टी-शर्टच्या मध्ये साहेब हात वर करून उभे असतात. एक तारखेला घरात कुणी नसताना ते काटा उलटा करतात आणि स्क्रू अर्धा किलो मागे घेतात. आणि गंमत म्हणजे साहेब खरंच उतरलेत! महिन्याला अर्धा किलो, नेमानं. अठ्ठ्याऐंशीचे साडेब्याऐंशी झाले. त्यांना श्वास पुरतो, पट्टा दोन भोकं आत गेला.

परवा वर्ग सुटल्यावर सगळ्या बायकांच्या ओळीत तेही काट्यावर चढले. सुई डगमगली आणि थांबली. एकोणऐंशी! उतरलेला अर्धा आणि सरकवलेला अर्धा, दर महिन्याला फिटंफाट!

मागे उभ्या जांभळ्या टी-शर्टवालीनं वाकून पाहिलं आणि तिला साहेबांची फार दया आली.

“साहेब, राग मानू नका,” ती म्हणाली, “पण वर्षभर बघतेय मी. काटा जागचा हलत नाही तुमचा. आमचे निदान नऊ तरी उतरून झालेत! बाईंसारखी बायको घरात असून! जरा जिभेवर ताबा ठेवा हो!”

साहेबांनी तोंड उघडलं. मग बाईंकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

“ऐकलंत ना?” बाई म्हणाल्या. “चला, आणखी वीस उठाबशा!”

साहेबांनी कान धरले आणि खाली बसले.